ट्रॅक्टर-ट्रॉलीला ब्रेक-लाइट आणि सात पिनी सॉकेट कसे बसवावे

दिवाळीनंतर वेचणीला जोर आला की वणी, हिंगणघाट, अकोट भागातल्या जिनिंगकडे कापसाच्या ट्रॉल्या निघतात. दिवसभर मजूर वावरात असतात. माल भरून होईपर्यंत अंधार पडतो आणि ट्रॉली पांदणीतून डांबरी रोडावर येते तेव्हा मागून येणाऱ्याला पुढे फक्त काळोख दिसतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे भरलेल्या ट्रॉलीआड पूर्ण झाकलेले असतात. कास्तकाराने ब्रेक दाबला हे मागच्या मोटारसायकलवाल्याला कळायला कुठलाच मार्ग उरत नाही. म्हणून ट्रॉलीला स्वतःचा टेल-लाइट, ब्रेक-लाइट आणि इंडिकेटर हवेतच. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे ट्रॉलीसुद्धा वाहनच आहे.

हे काम गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन करतो. पण पाना, पक्कड आणि टेस्ट-लॅम्प (तारेत सप्लाय आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) हाताळता येणाऱ्या कुणालाही ते जमण्यासारखे आहे. मुख्य काळजी दिव्यांची नाही, तारांच्या जोडांची आणि अर्थिंगची, म्हणजे करंट परतायच्या वाटेची, घ्यायची.

सामान घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऑनलाइन शोधले की ‘ट्रेलर ब्रेक कंट्रोलर’ नावाची डबी दिसते. ती विजेच्या ब्रेकच्या ट्रेलरसाठी असते. तिथे चाकाच्या ड्रममध्ये चुंबक असते आणि कंट्रोलर त्याला करंट देतो. आपल्याकडच्या शेतीच्या ट्रॉलीत तसे चुंबक नसते, त्यामुळे ती डबी घेऊन उपयोग नाही. तिच्यासोबत येणारा चपट्या पात्यांचा प्लगही वेगळा असतो. आपल्याला लागते ते गोल पिनांचे १२ व्होल्टचे सात पिनी सॉकेट (हे ट्रॅक्टरला बसते) आणि त्याचा प्लग (हा ट्रॉलीच्या केबलला).

त्याशिवाय सात कोरची केबल, दोन मागचे दिवे (टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र असलेले), फ्यूज होल्डर, रबरी ग्रोमेट (तार जाते त्या भोकात बसवायची कडी), तारेवर चढवायचा पन्हाळी पाइप, नायलॉन टाय, दाबून बसवायचे टर्मिनल आणि थोडे ग्रीस घ्या. केबलची प्रत्येक तार १.५ चौरस मिलिमीटरची असावी, अर्थची २.५ असेल तर उत्तम. इथे पैसे वाचवू नका. २१ वॅटचे दोन ब्रेक-बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या शेवटापर्यंत आठ मीटर जायचे आणि आठ मीटर परतायचे. एवढ्या अंतरात १.५ च्या तारेत पाऊण व्होल्टपेक्षा कमी पडतो, पण बाजारातल्या बारीक अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळपास २ व्होल्ट वाटेतच जातात. व्होल्टेज थोडे पडले तरी बल्बचा उजेड त्याहून कितीतरी जास्त पडतो. बरेच जण बल्ब बदलत बसतात, दोष तारेत असतो.

आधी ट्रॅक्टर तपासा

ट्रॉलीला हात लावण्याआधी ट्रॅक्टरचा स्वतःचा ब्रेक-लाइट लागतो का ते पाहा. ब्रेक पेडलजवळ छोटा स्विच असतो. चिखल आणि गंजाने तो अडकतो किंवा त्याची तार निघालेली असते. वावरात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबता यावा म्हणून दोन पेडल सुटे केलेले असतात. रोडावर ते खिट्टीने एकत्र अडकवलेच पाहिजेत. सुटे पेडल असताना वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एकीकडे ओढतो आणि मागून भरलेली ट्रॉली त्याला ढकलते. दिवे बसवायला बसलाच आहात तर ही खिट्टीही पाहून घ्या, बऱ्याच ट्रॅक्टरवर ती वाकलेली नाहीतर हरवलेली असते.

बऱ्याच नव्या ट्रॅक्टरना मागे सात पिनी सॉकेट कंपनीकडूनच येते. ते असेल तर टेस्ट-लॅम्पने एकेक पिन तपासा आणि थेट ट्रॉलीच्या कामाला लागा.

सॉकेट आणि त्याची जोडणी

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि काम संपल्यावर तीच सगळ्यात शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते.

सॉकेटची जागा हिचच्या (ट्रॉली अडकवायच्या जागेच्या) वर, एका बाजूला निवडा. लिफ्टचे हात वरखाली करून पाहा, पीटीओ शाफ्टही (अवजार फिरवणारा मागचा दांडा) लावून पाहा. दोघांच्या वाटेत सॉकेट आणि केबल येता कामा नये. झाकणाची बिजागरी वर ठेवा आणि तारा खालून आत घ्या, म्हणजे पाणी आत साचत नाही.

गोल सात पिनी सॉकेटचे आकडे आयएसओ १७२४ या मानकाप्रमाणे असे:

१ – डावा इंडिकेटर (पिवळी तार)
२ – जास्तीचा सप्लाय किंवा मागचा फॉग दिवा (निळी)
३ – अर्थ (पांढरी)
४ – उजवा इंडिकेटर (हिरवी)
५ – उजवा टेल-लाइट (तपकिरी)
६ – ब्रेक-लाइट (लाल)
७ – डावा टेल-लाइट (काळी)

पिनांची जागा डोळ्याने ठरवू नका. सॉकेट आणि प्लग समोरासमोर असल्यामुळे एकाचा डावा दुसऱ्याचा उजवा होतो. दोन्हीवर उमटवलेला आकडा वाचूनच तार बसवा. स्थानिक दुकानातल्या केबलचे रंग वर दिल्याप्रमाणे असतीलच असे नाही. नसतील तर कोणत्या आकड्याला कोणता रंग दिला ते कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.

आता ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारांमधून एकेक सप्लाय सॉकेटला आणा. तार सोलून, पिळून, वर टेप गुंडाळायची पद्धत इथे टिकत नाही. पावसाळ्यात पाणी आत शिरते, उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत टेपचा गोंद वितळून टेप सुटते. दाबायचे टर्मिनल वापरा आणि वर गरम केली की आवळणारी नळी चढवा.

ब्रेक-लाइटबद्दल थोडे जास्त. ट्रॅक्टरच्या ब्रेक-लाइटच्या तारेवर ट्रॉलीचा आणखी साडेतीन अँपिअरचा भार येतो. जुन्या ट्रॅक्टरची बारीक तार आणि झिजलेला पेडल-स्विच तो झेलत नाही, फ्यूज उडतो. तेव्हा मोठा फ्यूज घालू नका, कारण मग फ्यूज शाबूत राहून तार जळते. चार पायांचा १२ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. त्याच्या ३० नंबरला बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून सप्लाय द्या आणि हा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा. ८७ नंबरवरून तार सॉकेटच्या ६ नंबर पिनला न्या. ८६ ला ट्रॅक्टरच्या ब्रेक-लाइटची तार आणि ८५ ला अर्थ. आता पेडल-स्विचला फक्त रिले चालवायचा असतो, भार बॅटरीवरून थेट येतो. एलईडी दिवे घेतलेत तर करंट खूप कमी लागतो आणि बहुतेक वेळा रिलेची गरजच पडत नाही.

ट्रॉलीकडची बाजू

दिवे फाळक्यावर बसवू नका. माल उतरवताना फाळका खाली पडला की दिवा आपटतो, आणि फाळका काढून लांब माल भरला की ट्रॉलीला दिवाच राहत नाही. मागच्या आडव्या चॅनेलवर, दोन्ही टोकांच्या जितके जवळ जमेल तितके बसवा, म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते. कापूस भरला की तो बाहेर फुगतो आणि मागे लोंबतो, तुरीच्या पेंढ्या तर आणखी बाहेर येतात. एकदा भरलेली ट्रॉली मागून पाहा आणि दिवा झाकला जात नाही याची खात्री करूनच भोके पाडा. दिव्याभोवती लोखंडी पट्टीची जाळी करून घ्या. वेल्डिंग आधी उरका, दिवे नंतर लावा. पुढे कधीही ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे झाले तर आधी प्लग काढा आणि ट्रॅक्टर दूर करा.

बल्बचे दिवे घेतले तर टेल आणि ब्रेकसाठी ५/२१ वॅटचा डबल फिलामेंट बल्ब येतो. त्याचे दोन खिळे वेगवेगळ्या उंचीवर असतात. जोर करून उलटा बसवला तर टेल-लाइटच्या जागी ब्रेकचा झगझगीत उजेड कायम लागतो आणि ब्रेक दाबल्यावर काही फरक दिसत नाही.

अर्थिंग

ट्रॉलीच्या दिव्यांच्या दहापैकी नऊ तक्रारी इथून येतात असे कोणताही जुना मिस्त्री सांगेल. ट्रॉली लोखंडी, ट्रॅक्टर लोखंडी, मध्ये हिचची पिन, मग अर्थची तार कशाला, असा विचार करून ३ नंबर पिन रिकामी सोडतात. हिचची पिन सैल असते, तिच्यावर ग्रीस, गंज आणि काळ्या मातीचा थर असतो. खड्डा आला की संपर्क तुटतो आणि दिवे फडफडतात.

म्हणून प्लगच्या ३ नंबरवरून निघालेली तार दोन्ही दिव्यांपर्यंत वेगळी न्या. शिवाय चॅसिसवर एका ठिकाणी रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर घालून बोल्टने अर्थ आवळा आणि वरून ग्रीस लावा.

अर्थ बिघडला की ओळखायची खूण सोपी आहे. ब्रेक दाबला की टेल-लाइट मंद होतो, किंवा इंडिकेटर दिला की त्याच्यासोबत ब्रेकचा दिवाही मिणमिणतो. करंटला परतायची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. असे दिसले तर बल्ब, स्विच, फ्यूज यांना हात न लावता आधी पांढरी तार तपासा.

केबल नेताना आणि तपासताना

केबल चॅसिसच्या आतल्या बाजूने, पन्हाळी पाइपात न्या, एक्सल आणि टायरपासून दूर. लोखंडातून जाते तिथे ग्रोमेट घाला. उलटणारी ट्रॉली असेल तर केबल खालच्या फ्रेमवरच ठेवा आणि दिवेही त्याच फ्रेमवर लावा. प्लगकडे सैल केबल किती ठेवायची? ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ती ताणली जाऊ नये आणि सरळ चालताना जमिनीलाही लागू नये.

तपासायला दोघे हवेत. इंजिन चालू ठेवा. एक जण ब्रेक, टेल आणि दोन्ही इंडिकेटर एकेक करून देईल, दुसरा मागून पाहील. मग टेल-लाइट चालू ठेवून ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी द्या, कारण अर्थचा दोष या एकत्र भारातच उघडा पडतो. इंडिकेटरची गती बदललेली वाटली तर तिसऱ्या, म्हणजे ट्रॉलीच्या, बल्बचा भार झेलणारा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बसवा.

रिफ्लेक्टरची पट्टी मात्र दिवे असले तरी लावाच: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. टायर पंक्चर होऊन ट्रॉली ट्रॅक्टरशिवाय रोडाच्या कडेला उभी राहिली तर तिला सप्लाय नसतो, तेव्हा पट्टीच कामी येते. जुनी सीडी किंवा लाल फडके बांधणे हा त्याला पर्याय नाही. धूळ, तेल पुसून, निघणारा रंग खरवडून कोरड्या पत्र्यावर चिकटवली तरच ती टिकते.

ट्रॉली सोडली की प्लग जमिनीवर टाकू नका. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर एक रिकामे सॉकेट बसवा आणि प्लग त्यात अडकवून ठेवा. कोठ्यात उभ्या ट्रॉलीची केबल उंदीर कुरतडतात, म्हणून वेचणीच्या आधी एकदा पूर्ण केबल हाताने चाचपून पाहा आणि टूलबॉक्समध्ये दोन बल्ब आणि दोन फ्यूज ठेवा.