चिंचोके मोजून द्या, मग लुईस शिकवा

अकरावीचा रासायनिक बंधाचा धडा आला की मी कपाटातली चिंचोक्यांची डबी काढते. गेली अनेक वर्षं इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना (अणूंच्या बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारं रेणूचं चित्र) मी चिंचोक्यांनीच शिकवते. नव्याने शिकवायला लागलेल्या कुणालाही ही पद्धत सहज करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी पोरांची चूक नेमकी कुठे होते ते सांगते. कार्बन डायऑक्साइड काढायला सांगा. निम्मा वर्ग कार्बनभोवती आठ ठिपके देतो, दोन्ही ऑक्सिजनभोवती आठ-आठ, झाले चोवीस. ‘अष्टक पूर्ण’, म्हणजे प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात तिघांकडे मिळून बाहेरच्या कवचात आहेत 4 + 6 + 6, म्हणजे सोळाच. खडू हातात असला की ठिपके हवे तेवढे काढता येतात, सगळा घोटाळा तिथेच आहे. चिंचोके मात्र मोजून दिले की मोजलेलेच.

म्हणून पहिलं काम वाटपाचं. बाकावर कागद ठेवून त्यावर O C O अशी अक्षरं ऐसपैस लिहायला लावा. प्रत्येक गटाला सोळा चिंचोके द्या, सतरावा मागितला तरी देऊ नका. मग सांगा, तिघांच्याही भोवती आठ-आठ दिसायला हवेत. दोन-तीन मिनिटं नुसती सरकवासरकव चालते, बोटं अडखळतात. तुम्ही गप्प राहा. कुणीतरी दोन चिंचोके दोन अक्षरांच्या मध्ये ठेवतं आणि म्हणतं, “मॅडम, हे दोघांचेही धरले तर?” या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप आहे. तो आला की फळ्यावर नाव लिहा: गिल्बर्ट न्यूटन लुईस.

हा रसायनशास्त्रज्ञ 1875 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला, वाढला नेब्रास्कात. 1899 मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली, पुढे जर्मनीत ऑस्टवाल्ड आणि नेर्न्स्ट या रसायनशास्त्रज्ञांकडे काम केलं. मध्ये वर्षभर फिलिपिन्समध्ये वजनमापांच्या खात्यावर अधिकारी होता. पण मुलांना मी आवर्जून सांगते ती 1902 ची गोष्ट. लुईस तेव्हा सत्तावीस वर्षांचाही नव्हता आणि नवशिक्या विद्यार्थ्यांना आवर्तसारणी समजावत होता. समजावता समजावता त्याने कागदावर घन काढले आणि घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. आठच का, हे पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. ती कल्पना पूर्ण होऊन छापली गेली 1916 मध्ये, चौदा वर्षांनी. शिकवण्यासाठी काढलेल्या एका चित्रातून हे सगळं उभं राहिलं, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचं वाटतं.

नेमकं नवं काय होतं? मिठाचं कोडं सोपं होतं: सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने घेतला. पण क्लोरीनचे दोन अणू एकमेकांना का धरून बसतात? दोघेही सारखेच, कोण कुणाला देणार? लुईसचं उत्तर होतं की दोघे मिळून एक जोडी सांभाळतात आणि ती जोडी म्हणजेच बंध. अशा बंधासाठी ‘सहसंयुज’ हा शब्द नंतर लॅंगम्यूर या रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये आणला. जोडीची कल्पना लुईसची.

आता क्रम बांधून द्या. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मोजायचे. आयनावर (प्रभार असलेल्या अणूवर किंवा अणूंच्या गटावर) ऋण प्रभार असेल तर तेवढे वाढवायचे, धन असेल तर कमी करायचे. प्रत्येक दोन अणूंमध्ये एक जोडी ठेवायची. उरलेल्या जोड्या आधी कडेच्या अणूंना. मधला उपाशी राहिला तर शेजाऱ्याची एक जोडी मध्ये सरकवायची. हायड्रोजनला दोनच पुरतात, हे दर तासाला सांगावं लागतं. एक पथ्य मात्र कडक पाळा: चिंचोके नेहमी जोडीने उचलायचे. एकेक उचललं की हिशेब फिसकटतो.

कार्बोनेट आयन (एक कार्बन, तीन ऑक्सिजन, दोन ऋण प्रभार) दुसऱ्या तासाला घ्या. चोवीस चिंचोके, बारा जोड्या. शेवटी एका ऑक्सिजनला जोडी आत सरकवावी लागते आणि तीन गट तीन वेगवेगळे ऑक्सिजन निवडतात. कुणालाही चूक देऊ नका. तिन्ही कागद शेजारी मांडून ठेवा, संस्पंदनाची (एकाच रेणूच्या किंवा आयनाच्या अनेक मांडण्या सारख्याच बरोबर असण्याची) व्याख्या सांगायच्या आधी पोरांना ते दिसलेलं असतं.

मला सगळ्यात आवडतो तो बोरॉन ट्रायफ्लोराइड (एक बोरॉन, तीन फ्लोरिन). इथेही बाराच जोड्या, पण बोरॉनभोवती तीनच जोड्या, सहा चिंचोके. मुलं कासावीस होतात. इथे शेजाऱ्याची जोडी सरकवू नका, तसंच राहू द्या. शेजारच्या बाकावर अमोनिया मांडायला लावा: चार जोड्या, त्यातली एक नायट्रोजनवर एकाकी. आता दोन्ही कागद जवळ आणा आणि ती एकाकी जोडी नायट्रोजन आणि बोरॉनच्या मध्ये सरकवा. जोडी घेणारा आम्ल, देणारा आम्लारी. लुईसची 1923 ची व्याख्या पोरांनी स्वतःच्या बोटाने केलेली असते, ती पाठ करावी लागत नाही.

1912 पासून लुईस कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात होता. तिथे त्याने नवख्या वर्गांना शिकवण्याच्या कामात सगळ्या प्राध्यापकांना गुंतवलं. युरी, जिओक, सीबोर्ग, लिबी हे चौघे बर्कलीतच डॉक्टरेट करून पुढे नोबेलपर्यंत गेले. लुईसचं नाव मात्र 41 वेळा सुचवलं जाऊनही त्याला नोबेल मिळालं नाही. हे सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

शेवटचा तास ऑक्सिजनच्या रेणूचा. बारा चिंचोके, मध्ये दोन जोड्या, दोन्हीकडे आठ. मांडणी अगदी नीट बसते. मग मुलांना सांगा की द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन सुटे आहेत. हे चिंचोक्यांत दाखवता येत नाही. लपवू नका, कारण लुईसनेही लपवलं नव्हतं. विषम संख्येने इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंवर त्याने स्वतः लिहिलं. अखेरच्या वर्षांत, माइकल काशा या विद्यार्थ्याबरोबर, तो प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूंत जोडी सुटी कशी होते याचाच शोध घेत होता. 23 मार्च 1946 ला तो गेला, तोही प्रयोगशाळेतच. त्या तासाला डबी बंद करू नका. दोन चिंचोके वेगळे ठेवा आणि ते कुठे ठेवायचे हा प्रश्न आण्विक कक्षकांच्या (संपूर्ण रेणूवर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांच्या) धड्यापर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात तसाच लिहून ठेवा.