मोबाइल वावरातून घरी येतो तेव्हा: दहावीच्या गणिताचा ऑनलाइन कोर्स कसा बांधावा

"मॅडम, मोबाइल बाबाजवळ हाय. ते वावरात गेले."

2020 च्या पावसाळ्यात, शाळा बंद असताना, मी सकाळी अकराला ऑनलाइन तास ठेवायचे आणि शेजारच्याच्या फोनवरून हा निरोप यायचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, दहावीच्या पटावर 42 पोरं, स्क्रीनवर सहा-सात. पोरांना गणित नको आहे, असं मी धरून चालले होते. ते चूक होतं. मोबाइल घरी यायचा सात-साडेसातला आणि मी शिकवायचे अकराला.

शाळा उघडल्यावरही मी तो कोर्स सोडला नाही. कापूस वेचाईच्या दिवसांत ज्यांचे तास बुडतात त्यांना तोच आधार असतो. दरवर्षी तो थोडा मोडून पुन्हा बांधते. तुम्हाला करायचा असेल तर कॅमेऱ्याआधी वही घ्या आणि प्रत्येक घरी विचारा: मोबाइल कोणाचा, घरी किती वाजता येतो, किती भावंडं वापरतात, रिचार्ज कशाचा आहे. मी हे विचारलं तेव्हा कळलं की बहुतेक घरांत डेटा पुरेसा होता, फक्त मोबाइल पोरांच्या हातात नव्हता. तेव्हापासून थेट तास बंद केला. धडा दुपारीच वर्गाच्या मोबाइल गटावर टाकून ठेवते, पोरं रात्री बघतात. एका मोबाइलवर दोघं-तिघं बसतात, म्हणून कामही तसंच देते: एकाने मोबाइल धरायचा, दुसऱ्याने वहीत सोडवायचं, पुढच्या गणिताला अदलाबदल.

आता धडा. आपण आधी काय सांगायचं ते ठरवतो आणि प्रश्न शेवटी चिकटवतो. उलट करा. व्हिडिओ संपल्यावर पोराने काय सोडवून दाखवायचं, तो एक प्रश्न आधी लिहा. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' या धड्यासाठी माझा पहिला प्रश्न असा: दोन बायांनी मिळून दिवसभरात 70 किलो कापूस वेचला, एकीचा दुसरीपेक्षा 10 किलो जास्त भरला, तर कोणाचा किती? एक्स-वाय मी अजून काढलेलेच नसतात. पोरं अंदाजाने 40 आणि 30 वर येतात, कारण काट्यावर कापूस मोजताना ती उभी राहिलेली असतात. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, एक्स कायले घ्याचा, मोठ्या मावशीचा कापूस म्हना ना." पुढचा सगळा धडा मी त्या वाक्यावर उभा केला. आधी 'मोठ्या मावशीचा कापूस' असं पूर्ण लिहायचं, ते लिहून हात दुखला की मग एक्स. अंकगणित श्रेढीलाही तेच: पहिल्या दिवशी 20 किलो, रोज 2 किलो जास्त, दहाव्या दिवशी किती? 38 आलं की सूत्राकडे वळायचं.

व्हिडिओ पाच मिनिटांचा करा आणि त्यात एकच गोष्ट ठेवा. 2014 साली एडएक्स या विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संकेतस्थळाच्या कोर्सांमधल्या 69 लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास झाला होता. त्यात सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिले गेले आणि बोलता बोलता हाताने लिहून दाखवणारे, नुसत्या स्लाइड दाखवणाऱ्यांपेक्षा जास्त धरून ठेवणारे निघाले. आपल्याला हे सोयीचंच आहे. दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवून मोबाइल खाली तोंड करून ठेवा, खाली कोरा कागद, जाड काळा पेन. पंखा बंद करा, त्याची घरघर आवाजात मिसळते. मी पहाटे रेकॉर्ड करते, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. चित्र 360पी वर ठेवलं तर पाच मिनिटांचा व्हिडिओ 15 एमबीच्या आसपास बसतो. तोही जड जाणाऱ्या घरी कागदाचा फोटो आणि माझ्या आवाजाची क्लिप पाठवते.

मध्ये एकदा थांबा. "आता मोबाइल पालथा ठेवा, वहीत लिहा," असं सरळ म्हणा आणि खरंच गप्प राहा. 2006 मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणून तोच प्रश्न आकडे बदलून दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने पाठवा.

आणि उत्तराला उत्तर द्या. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, तो जाऊ द्यावा. पोरं वहीचा फोटो टाकतात, मी नाव घेऊन अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवते: "तिसऱ्या ओळीत चिन्ह बदललं बघ, तिथून पुढे परत कर." नुसती बरोबरची खूण पाठवायचे तेव्हा दुसऱ्या आठवड्यात उत्तरं आटली होती. नाव घेतलेला आवाज घरात सगळ्यांसमोर वाजतो, आई ऐकते, आजी ऐकते. चूक मात्र कधीही गटावर सांगू नका, ज्याची त्यालाच कळवा.

2012 च्या सुमारास मोठ्या विद्यापीठांचे खुले ऑनलाइन कोर्स आले. लाखोंनी नावं घातली, पण बहुतेक कोर्स शेवटपर्यंत नेणारे शेकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. तिथे शिकवणारे उत्तम होते, तरी एकेकाची वही बघणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे 2017 पासून दीक्षा हे सरकारी अ‍ॅप आहे, बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून व्हिडिओ उघडतात. जो भाग तिथे नीट समजावलेला आहे तो पुन्हा रेकॉर्ड करू नका, तोच दाखवा, आणि वाचलेला वेळ वह्या बघण्यात घाला.

हल्ली एआयकडून प्रश्न करून घेता येतात. आकडे बदलून वीस गणितं मिळतात, त्याचा मला उपयोग होतो. पण प्रत्येक गणित स्वतः सोडवूनच पाठवा. मला एकदा 'चल'च्या जागी हिंदीतला 'चर' आला आणि एका गणिताचं उत्तर ऋण किलो कापूस निघालं.

दसऱ्यानंतर कापूस फुटतो. वेचाई भरात असेल तेव्हा नवा धडा टाकू नका, आठवड्याला दोन जुने प्रश्न पुरे. हे वेळापत्रक जूनमध्येच पालकांना सांगून ठेवा.

ज्याचं उत्तर आठ दिवस आलं नाही त्याला गटावर विचारू नका. आमच्याकडे अशांमागे बहुतेकदा संपलेला रिचार्ज, बदललेला नंबर किंवा फुटलेली काच असते. मी शाळेत पहिल्या तासाच्या वीस मिनिटं आधी येते आणि माझा मोबाइल त्यांच्या हातात देते. ती पोरं पायरीवर बसून आठवड्याचे व्हिडिओ बघतात, वही तिथेच दाखवतात.