गुडघे साथ देत नसतील तर जुनं पुणं कसं बघावं

"पेठांमधलं सगळं हाकेच्या अंतरावर आहे, चालतच बघा," असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर तो सल्ला विसरा. शनिवारवाडा ते विश्रामबागवाडा हे अंतर नकाशावर बोटभर दिसतं. प्रत्यक्षात वाटेत दर दुकानापुढे वर-खाली होणारा फुटपाथ, त्यावर लावलेल्या दुचाकी, निखळलेले पेव्हर ब्लॉक आणि न थांबणारी वाहनं असतात. धडधाकट माणसाला दहा मिनिटं लागतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा तेवढ्यात दिवस संपतो.

माझ्या आईला, आणि पुढे अनेक पाहुण्यांना, मी हा भाग दाखवला आहे. काठी, पाणी, गोळ्या सोबत घ्यायच्या हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दिवस कामाचा निवडा. मंगळवार, संकष्टी आणि गणेशोत्सव टाळा. उत्सवात पेठांमधले रस्ते वाहनांना बंद होतात, तेव्हा तर येऊच नका.

पेठेपर्यंत मेट्रोने यायला हरकत नाही. मंडई आणि कसबा पेठ ही दोन्ही स्टेशनं भुयारी आहेत आणि लिफ्ट आहे. वर कुठल्या दाराने यायचं ते खालीच गार्डला विचारून घ्या, चुकीच्या तोंडाशी निघालात तर रस्ता ओलांडावा लागेल.

आता अवघड भाग, एकदिशा रस्त्यांचा. पहिल्या खेपेला मी इथेच चुकलो. आधी शनिवारवाडा बघितला आणि मग विश्रामबागवाड्याला निघालो. पण बाजीराव रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, म्हणजे आम्हाला जायचं होतं त्याच्या बरोबर उलट. रिक्षावाला म्हणाला, "काका, लांबून वळसा पडेल." मला वाटलं, एवढ्यासाठी कशाला? आईला हाताला धरून चालवत नेलं. अप्पा बळवंत चौकात ती एका पुस्तकाच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. पुढचे दोन दिवस शेक देण्यात गेले. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी कोणासाठीही बदलत नाही. सुरुवात दक्षिणेकडून, सारसबागेच्या बाजूने. बाजीराव रस्त्याने वर जाताना आधी राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग विश्रामबागवाडा, आणि शेवटी शनिवारवाडा. तिथून शिवाजी रस्ता धरायचा. तो उत्तरेकडून स्वारगेटकडे वाहतो, त्यामुळे परतताना लाल महाल, दगडूशेठ गणपती आणि मंडई ओळीने लागतात. रस्ता तुम्हाला नेतो, तुम्ही रस्त्याशी झगडत नाही.

दुसरी गोष्ट रिक्षाची. प्रत्येक ठिकाणी नवी रिक्षा शोधू नका. उन्हात उभं राहणं हे चालण्याइतकंच महागात पडतं. एकच रिक्षा तीन-चार तासांसाठी घ्या, थांबण्यासकट पैसे आधी ठरवा, आणि माणूस हळू चालणारा आहे हे चालकाला सुरुवातीलाच सांगा. दारापुढे उभं राहता येत नसेल तर तो पुढे जाऊन थांबेल आणि फोन केला की येईल. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

रिक्षाची उजवी बाजू दांडीने बंद असते, उतरणं डावीकडूनच. म्हणून ठिकाण उजव्या हाताला असेल तर तिथेच उतरून रस्ता ओलांडायची घाई करू नका, रिक्षा त्या बाजूला लावता येईल का हे चालकाला विचारा. आणि चढताना पाय आधी टाकायचा नाही. पाठ रिक्षाकडे करून सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय आत ओढायचे. आईला हे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं आणि तिचं रिक्षाचं भय गेलं.

ठिकाणांचं थोडक्यात. केळकर संग्रहालय तीन मजली आहे, तळमजला मन लावून बघा आणि निघा. विश्रामबागवाड्याचं सगळ्यात देखणं अंग म्हणजे सुरूदार खांबांचा लाकडी दर्शनी भाग, तो खालूनच दिसतो. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजातून आत जा. १८२८ च्या आगीनंतर आतल्या इमारतींची जोतीच उरली आहेत, ती सपाटीवरून बघता येतात. तटावर चढण्याचा मोह मात्र आवरा, त्या पायऱ्या उंच आहेत आणि उतरताना गुडघ्याची परीक्षा घेतात. दगडूशेठची मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, रांगेत उभं राहिलंच पाहिजे असं नाही. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, तिला खालूनच नमस्कार करा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं मात्र सोडू नका, थोड्या पायऱ्या उतरल्या की एकाच कातळात कोरलेलं मंदिर आणि गोल नंदीमंडप समोर येतो.

जेवायला बसताना कमोड आहे का, हे आधी विचारा. लाजू नका.

आगाखान पॅलेस दुसऱ्या दिवशी ठेवा. १८९२ च्या या वास्तूचं आवार मोठं असलं तरी बरंचसं सपाट आहे. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघांनीही नजरकैदेत असताना इथेच प्राण सोडले, त्यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. आधी तिथे जा, दालनं नंतर बघा. दालनं बघून दमल्यावर समाधीपर्यंतचं अंतर नको वाटतं. आईचं पहिल्या खेपेला तसंच राहून गेलं होतं. दुसऱ्यांदा आम्ही थेट तिथेच गेलो आणि ती कस्तुरबांच्या समाधीपाशी बराच वेळ बसली.