होजिअरीचं सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून कसं काढावं

घरी टी-शर्ट किंवा बाळाची बंडी शिवणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: ‘होजिअरी आटते, एक माप मोठं बेता.’ तो ऐकू नका. हे कापड बहुतेक वेळा लांबीत आटतं, रुंदीत तेवढं आटत नाही. कधी उलट सैलावतं. मोठं बेतलेला कपडा धुतल्यावर आखूड आणि ढगळ होतो.

उन्हाळ्यासाठी सिंगल जर्सी (एकेरी विणीची पातळ होजिअरी) घ्या, 140 ते 160 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. 10 सेंटिमीटरचा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. दीड ग्रॅम भरला तर कापड 150 जीएसएमचं. बाळासाठी इंटरलॉक (दुहेरी विणीची होजिअरी) घ्या: दोन्ही बाजू मऊ आणि कडा गुंडाळत नाहीत. गळ्याला रिब, म्हणजे उभ्या रेघांची, जास्त ताणणारी वीण.

आता खरं काम. होजिअरीत सुताचे फासे एकमेकांत ओवलेले असतात. ओढलं की फासा लांबतो, सोडलं की परत येतो. अंगाबरोबर हलण्याची सोय तिथे आहे. फाशांमधल्या पोकळीतून हवाही खेळते. कारखान्यात रंगवताना, गुंडाळताना हे फासे लांबीकडे ओढले गेलेले असतात. पाणी लागलं की ते मूळ आकाराकडे परततात. ते परतणं कात्री लावण्याआधीच होऊ द्यायचं.

कापडावर दोऱ्याने 50 सेंटिमीटरचा चौकोन टाचा. पुढे कपडा जसा धुणार तसंच धुवा. पिळू नका आणि दोरीवर तर मुळीच टाकू नका: ओल्या सुताचं वजन फासे पुन्हा ओढतं, सगळी मेहनत वाया. चादरीवर पसरा, हाताने सुरकुत्या काढा पण ताणू नका. वाळलं की मोजा. उभी बाजू 47 भरली तर 6 टक्के आटलं. एका धुण्यावर थांबू नका, दुसऱ्यांदाही बऱ्याचदा आटतं. माप स्थिर होईपर्यंत धुवा. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवण्याने आटण्यावर काही फरक पडत नाही.

जर्सीत आणखी एक खोड असते. सुताच्या पिळामुळे फाशांच्या उभ्या ओळी धुतल्यावर कलतात आणि बगलेची शिवण फिरून पोटावर येते. धुतलेल्या कापडावर ती ओळ डोळ्याने शोधा आणि कागदी नमुना तिच्यावर लावा, कापडाच्या काठावर नाही. कल फारच असेल तर त्या कापडाचे घरात घालायचे कपडे शिवा.

शिवायला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि झिगझॅग टाका.

छातीच्या घेरात 8-10 सेंटिमीटर सैल ठेवा. सूत घाम चांगला शोषतं पण सावकाश वाळतं, आणि अंगाला चिकटलं की हवा खेळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे पाळाच. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याच्या थराने शोषण कमी होतं. शंका आली तर कापडावर पाण्याचा थेंब टाका: मोत्यासारखा वर उभा राहिला तर गरम पाणी आणि साबणाने पुन्हा धुवा.