'मी गुप्त प्रोजेक्टवर होतो' असं कोणी सांगितलं तर खरं-खोटं कसं तपासायचं

मागे एका लग्नात पंगतीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. जिलबी येईपर्यंत त्यांनी मला पोखरणच्या अणुचाचणीचं सगळं सांगून टाकलं, म्हणजे खड्डा किती खोल, बटण कोणी दाबलं, अमेरिकेचा उपग्रह कुठे होता, पंतप्रधान फोनवर काय बोलले, सगळंच. मी आपलं विचारलं की तुम्ही नक्की काय करायचात तिकडे, तर म्हणाले "ते सांगता येत नाही". हे बघा, इथेच गडबड आहे. खऱ्या माणसाचं बरोब्बर उलटं असतं. स्वतःचं एवढंसं काम त्याला नखशिखांत माहीत असतं आणि बाकीचं काहीच माहीत नसतं.

मला या विषयाचं वेड आहे, आणि घरात कोणी आजोबा, काका अशा कामात होते म्हणून लोक बरेचदा विचारतात की हे तपासायचं कसं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सुरुवात "काय पाहिलं" यापासून करूच नका, "सकाळी गेल्यावर हाताने काय करायचात" ते विचारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिजला युरेनियम वेगळं करायच्या मशिन्सवर गावातल्या तरुण पोरी बसवल्या होत्या, बऱ्याचशा नुकत्याच शाळा संपवलेल्या. समोर पॅनेल, त्यावर काटे, काटा इकडे गेला की हा नॉब फिरवायचा, तिकडे गेला की तो. कशासाठी, ते ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी आली तेव्हा कळलं. आता यातली एखादी आजी म्हणाली की "मी अणुबॉम्ब बनवला" तर थोडं थांबा, पण "काटा मधे ठेवायचे, बास" म्हणाली तर वही काढा.

मग विचारायचं जायचात कसं, खायचात काय आणि घरी काय सांगायचात. हे तीन प्रश्न सोन्यासारखे आहेत, कारण बनवून सांगणारा माणूस रॉकेट आणि बॉम्ब यांची तयारी करून येतो, डब्याची आणि बसची करत नाही. नेवाडातलं ग्रूम लेक, म्हणजे ज्याला सगळे एरिया ५१ म्हणतात ते, तिथे १९५५ मध्ये यू-२ हे हेरगिरीचं विमान तपासायला सुरुवात झाली आणि कामगारांना कॅलिफोर्नियातल्या बरबँकहून विमानाने नेत-आणत. १७ नोव्हेंबर १९५५ ला त्यातलं एक विमान बर्फाच्या वादळात लास वेगासजवळच्या माउंट चार्ल्सटनवर आदळलं, आतले १४ च्या १४ गेले. घरच्यांना ते कुठे निघाले होते आणि कशासाठी, हे पुढे कित्येक दशकं कोणी सांगितलं नाही. आता विचार करा, अशा घरात वाढलेल्या मुलाला वडलांच्या कामाबद्दल काय माहीत असणार? "सोमवारी जायचे, शुक्रवारी यायचे" एवढंच. आणि ते एवढंसंच खरं वाटतं मला तरी.

आपल्याकडचं बघायचं तर पोखरण १९९८. १९९५ मध्ये तयारी चालू असताना अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली होती, म्हणून या वेळी लष्कराच्या ५८ इंजिनिअर रेजिमेंटने बरंच काम रात्री केलं आणि उजाडायच्या आत यंत्रं होती तिथे परत नेऊन उभी केली, म्हणजे वरून फोटो काढला तर वाटावं की काही हललंच नाही. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात फिरत होते, कलाम तिथे "मेजर जनरल पृथ्वीराज" आणि अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष चिदंबरम "मेजर जनरल नटराज". प्लुटोनियम आपल्या मुंबईहून, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून, आधी ट्रकने आणि मग हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने जैसलमेरला गेलं. ११ मे ला सकाळी करायचं होतं पण वारा वस्तीच्या दिशेने वाहत होता म्हणून ताटकळत बसले आणि शेवटी दुपारी ३:४५ ला उडवलं. आता कोणी म्हणालं मी तिथे होतो, तर मी स्फोटाबद्दल विचारणारच नाही. मी विचारीन त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत काय केलंत. थांबण्याची आठवण बनवून सांगणं फार अवघड असतं.

१९७४ चंही तसंच. १८ मे ला ८ वाजताचा मुहूर्त ५ मिनिटांनी चुकला, का, तर हाय-स्पीड कॅमेरा बघायला गेलेल्या एका इंजिनिअरची जीप चालूच होईना, बिचारा चालत परत आला. एवढ्या मोठ्या देशाचा पहिला अणुस्फोट आणि अडकला कशावर, जीपवर! खऱ्या गोष्टीत असं कायतरी असतंच.

हे बोलून झालं की कागदाकडे वळा. इथली युक्ती अशी की गोष्ट काय आहे यापेक्षा ती *कधी* सांगितली ते शोधायचं. प्रत्येक गुप्त प्रोजेक्टची एक उघड व्हायची तारीख असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ब्लेचली पार्कला शत्रूचे संदेश फोडायला जवळजवळ १०,००० माणसं होती, बहुतेक बायका, आणि १९७४ मध्ये ते उघड होईपर्यंत त्यांनी बाहेर अवाक्षर काढलं नाही, काहींनी तर नवऱ्यालाही सांगितलं नाही. सीआयएने एरिया ५१ चं नाव असलेला इतिहास खुला केला २०१३ मध्ये. तर एखाद्याच्या जुन्या पत्रात, डायरीत, कॅसेटवर अशी बारीक गोष्ट सापडली जी त्या वेळी कुठे छापूनच आली नव्हती आणि नंतर खुल्या झालेल्या कागदात तीच निघाली, तर समजायचं मामला पक्का. उघड झाल्यानंतरच ज्याला सगळं आठवायला लागतं त्याच्याबद्दल मात्र जरा हात आखडता. सीआयएच्या वेबसाईटवर वाचनकक्ष म्हणून विभाग आहे, तिथे ऑक्सकार्ट (ए-१२ या हेरविमानाचा प्रोजेक्ट), कोरोना (हेर उपग्रहांचा) असं नाव टाकलं की कागदच कागद, फुकट.

पण कागदही खोटं बोलतो हं, हे विसरू नका. २४ मे १९६३ ला ए-१२ नावाचं आवाजाच्या तिपटीहून वेगाने उडू शकणारं गुप्त विमान युटामध्ये वेंडोव्हरजवळ पडलं. पायलट केन कॉलिन्स पॅराशूटने उतरला, तिथले काही लोक पिकअप घेऊन मदतीला आले तर त्याने थाप मारली की माझं विमान एफ-१०५ (हवाई दलाचं नेहमीचं लढाऊ विमान) आहे आणि त्यावर अणुबॉम्ब आहे, तिकडे जाऊ नका. ते कशाला जातायत, त्यालाच गाडीत घालून निघाले! पेपरातही एफ-१०५ च छापून आलं. म्हणजे आज तुम्ही त्या दिवसाची बातमी काढून आजोबांना म्हणालात की "तुम्ही खोटं सांगताय, इथे तर एफ-१०५ लिहिलंय", तर खोटा पेपर आहे आणि आजोबा खरे.

आणि उडती तबकडी दिसली म्हणणाऱ्यालाही लगेच वेड्यात काढू नका. १९५० च्या दशकात प्रवासी विमानं साधारण १० ते २० हजार फुटांवर उडायची आणि यू-२ उडायचं ६० हजारांच्या वर. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असताना वर त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन असायचं, मग पायलट लोकांना आभाळात पेटलेलं कायतरी दिसायचं. सीआयएचाच इतिहास म्हणतो की १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९६० च्या दशकात बराच काळ दिसलेल्या निम्म्याहून जास्त तबकड्या म्हणजे यू-२ आणि नंतरचं ए-१२ हीच विमानं. बघणाऱ्याचे डोळे बरोबर होते, फक्त त्याने लावलेला अर्थ चुकला.

भारतातल्या माणसाचं तपासायचं असेल तर घरातच बघा आधी. पेन्शन मंजुरीचा कागद (पीपीओ), सर्व्हिस बुकची कॉपी, निरोप समारंभाचा फोटो, ओळखपत्र. त्यात प्रोजेक्टचं नाव नसणार, पण हुद्दा आणि कुठली आस्थापना ते असतं, आणि तारखा जुळतात की नाही ते लगेच कळतं. माहिती अधिकाराखाली अर्ज (आरटीआय) टाकून काही निघेल अशी फार आशा ठेवू नका, संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था डीआरडीओ तर त्या कायद्याच्या कलम २४ खाली बऱ्यापैकी बाहेरच आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा विषय सोडून.

दोन खरी माणसं वेगवेगळं सांगतायत म्हणून एक खोटा असंही नसतं. १९९८ ला पोखरणच्या तयारीत असलेले डीआरडीओचे के. संतानम २००९ मध्ये जाहीर म्हणाले की त्या चाचण्यांतला हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेएवढा चाललाच नाही, आणि चिदंबरम आणि भाभा केंद्राचे तेव्हाचे संचालक काकोडकर म्हणाले चालला. तिघेही आतलेच.

एक सांभाळायचं मात्र. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि तो रिटायर झालं म्हणून सुटत नाही. मापं, नकाशे, कुठे काय ठेवलंय असलं काही आजोबा बोलायला लागले तर रेकॉर्डर बंद करा, आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. त्यांनाच कधीकधी कळत नाही की काय खुलं झालंय आणि काय नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, बत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये. मी विचारलं काय करायचात, तर "रबराचे सील तपासायचो". कशाचे सील? "ते मला कुठे सांगितलं." मग मी तिथल्या कँटीनचं विचारलं. दीड तास बोलले, उपम्यात शेंगदाणे कोणत्या साली बंद झाले तेसुद्धा सांगितलं.