घरी रोल धुताय? स्वस्त सामानाच्या या चुका टाळा

कॅमेऱ्यातला ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल धुवायला डार्करूम बांधावी लागत नाही. फिल्म धुवायचा उजेडबंद टँक, अंधारात त्यात फिल्म भरायची चेंजिंग बॅग, थर्मामीटर, मोजपात्र, चित्र उठवणारा डेव्हलपर, ते पक्कं करणारा फिक्सर, झालं. यादी छोटी दिसते म्हणूनच बहुतेक सगळं मिळेल ते, मिळेल त्या भावात उचललं जातं. बाटल्या, बादली, चिमटे खुशाल स्वस्तातले घ्या. माझे चिमटे कपडे वाळत घालायचेच आहेत. टँकच्या बाबतीत मात्र हात आखडू नका.

जुना टँक घेताना लोक झाकण घट्ट बसतं का ते बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. आतली पोकळ दांडी आहे का, हे कोणी बघतच नाही. पॅटरसन कंपनीच्या धाटणीच्या प्लास्टिक टँकमध्ये फिल्म गुंडाळायचं रीळ ज्या दांडीवर चढतं, ती नुसती रीळ धरायला दिलेली नसते. झाकणाचं नरसाळं आणि ही दांडी मिळून रसायन आत सोडतात आणि उजेड बाहेर ठेवतात.

डिचोलीचा एक मुलगा गोव्यातल्या फोंड्याच्या शिगमोत्सवातल्या रोमटामेळ मिरवणुकीचे फोटो काढून आला आणि त्याने रोल घरी धुतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाकुट्ट. त्याने डेव्हलपरला दोष दिला, नवा आणला, पुढचा रोल धुतला. तोही काळा. मग कोणीतरी सांगितलं, वेळ जास्त होतोय; म्हणून वेळ कमी केली. पुन्हा तेच. शेवटी निगेटिव्ह माझ्याकडे आल्या तेव्हा मी आधी कडा बघितल्या. छिद्रांजवळचे फ्रेमचे आकडे कारखान्यातूनच येतात. तेही काळ्यात बुडालेले. कडेपर्यंत काळं असेल तर कॅमेऱ्याला बोल लावू नका, उजेड आत शिरलाय. फिल्म कोरी पण आकडे स्पष्ट असतील तर डेव्हलपर ठणठणीत आहे, बहुधा रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. आकडेही नसतील तर डेव्हलपर मेलाय, नाहीतर घाईघाईत फिक्सर आधी ओतलाय. त्याला टँक घेऊन यायला सांगितलं. आत दांडी नव्हती. विकणारा म्हणाला होता, "ती नसली तरी चालतं." टँकमध्ये वाचलेले पैसे रोलमध्ये गेले, आणि त्या वर्षीचा शिगमोही.

दुसरी माझी चीड थर्मामीटरची. डेव्हलपरच्या वेळेचे तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी तिशीच्या आसपास येतं. इलफर्डच्या एचपी५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. तिशीत हीच वेळ पाच मिनिटांच्या बरीच खाली जाते आणि फिल्म एकसारखी उठत नाही. मी डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरतो: २० ला १३ मिनिटं, २४ ला साधारण नऊ. बर्फ घमेल्यात, बाटलीच्या बाहेर. डेव्हलपरमध्ये टाकलात तर तो पातळ होतो. नवा थर्मामीटर आधी ठेचलेला बर्फ आणि पाण्यात बुडवा. शून्याजवळ आला नाही तर दुकानात परत. कलर फिल्मसाठी ३७.८ अंश लागतात. तिथे घरातला ताप मोजायचा थर्मामीटर कोमट पाण्यात शेजारी धरून ताळा करता येतो.

स्वस्त चेंजिंग बॅग एकपदरी असते, बाहीतून उजेड येतो. शिवाय जूनमध्ये आत हाताला घाम सुटतो आणि फिल्म रिळात अडकते. मी फिल्म रात्री बाथरूममध्येच रिळात भरतो, दाराच्या फटीला टॉवेल लावून. रीळ आदल्या दिवशीच वाळवून ठेवलेलं असतं. ओलसर रिळात जोर लावणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो.

सुटा, जुनाट हायपो, म्हणजे साधा फिक्सर? फिल्मचा तुकडा टाकून बघा. तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. अर्ध्या मिनिटात झाकण उघडून डोकावणाऱ्यांनी एवढा धीर धरावा.

फिल्मवरचं पाणी निपटायचा रबरी पट्टीचा स्क्वीजी घेऊच नका, एक कण अडकला तर रोलभर ओरखडा. फिल्म शेवटची खंगाळायचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड.

आणि डेव्हलपर, हायपो थंड पेयाच्या बाटलीत भरू नका, घरात मुलं असतात. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा: डी-७६ डेव्हलपर भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच.