दुसऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी: आधी फोन करा, मग डोळे मिटा

मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याच्या वतीने देवापुढे उभं राहणं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वही, पेन, वेळ ज्याची त्याने बघावी. मला पहाटे जमत नाही, मी दुपारी जेवणं उरकली की बसते.

नावं कमी ठेवा, पाच-सहा. पन्नास नावं वाचून काढली की ती हजेरी होते.

आता खरं अवघड काय ते सांगते. मागायचं काय, हे ठरवणं. इथे मी स्वतः कित्येक वर्षं अडकले होते आणि अजूनही सभेत बघते, माणसं “त्यांच्या सेवेला आशीर्वाद दे, त्यांना सांभाळ, आमेन” म्हणून पुढच्या नावाकडे जातात. हे नका करू. आमच्या इंदूरच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, एक कुटुंब झाबुआकडे भिल्ल पाड्यांवर सेवेला गेलं. थंडीचे दिवस होते, आणि मी रोज मनापासून मागत होते की प्रभू, त्यांच्या सभा माणसांनी भरू दे. शेवटी एकदा फोन केला तर भाऊ म्हणाले, “ताई, गावात माणसंच कुठे आहेत? दिवाळी झाली की सगळे मजुरीला गुजरातला जातात ते होळीला परत येतात, घरात म्हातारी माणसं आणि शेळ्या.” मला रडूच आलं. दोन महिने मी रिकाम्या गावात सभा भरायला सांगत होते!

मग मी विचारलं, भाऊ, मी काय मागू? ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, एक तर गेलेल्यांना ठेकेदाराने मजुरी पूर्ण द्यावी, आणि दुसरं, हिला इथे मराठीत बोलायला कोणी नाही, दिवाळीपासून माझ्याशिवाय कोणाशीच बोलली नाहीये. मी वहीतलं “सेवेला आशीर्वाद” खोडलं आणि खाली लिहिलं, “मजुरी पूर्ण. वहिनीला बोलायला माणूस.” दुसऱ्या ओळीचं उत्तर निदान थोडंसं माझ्याच हातात होतं, म्हणून तेव्हापासून दर गुरुवारी मी वहिनींना फोन करते, कधी मेथीची भाजी कशी केली एवढंच बोलणं होतं.

“देवाला सगळं माहीत आहे, तपशील कशाला” असं सांगणारे भेटतील. त्याला माहीत आहेच, येशूनेच सांगितलंय की मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक असते. पण मला माहीत नसतं ना, आणि माहीत नसलेल्या गोष्टीचं ओझं मनावर येत नाही. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय आंधळा होता हे कोणालाही दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं. प्रभूने विचारलं, मग आपण न विचारता कसं ठरवतो? प्रेषित पौलाचं बघा, बायबलमधलं इफिसच्या मंडळीला पत्र लिहिताना तो बेड्यांत आहे, कोणीही त्याच्यासाठी सुटकाच मागितली असती, आणि तो सांगतो की मला सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, धैर्याने बोलता यावी म्हणून प्रार्थना करा. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तर त्याने तीन मागण्या वेगवेगळ्या सांगितल्यात. मिशनऱ्यांच्या पत्रात नुसतं “प्रार्थनेत आठवण ठेवा” असेल तर उलट विचारा, त्यांना बरंच वाटतं.

आणि विचारलंत की लगेच हेही विचारा: हे सभेत बोलू का? ग्रुपवर टाकू का? मी एकदा न विचारता एका बाईच्या घरातली गोष्ट “प्रार्थना विनंती” म्हणून सांगितली, रविवारी उपासनेला ती आली तेव्हा तिच्या आधी तिची गोष्ट बाकावर पोचली होती. ती परत आली नाही. मी माफी मागायला घरी गेले तर दार उघडलं, पाणी दिलं, बोलली नाही. तेव्हापासून परवानगी नसेल तर माझ्या वहीत फक्त नावाचं पहिलं अक्षर असतं, आणि सभेत एक शब्द नाही. कोणी फार खोदून विचारत असेल तर त्यांना प्रार्थना करायची नसते, ऐकायचं असतं.

मग मागा. साध्या शब्दांत, तेच. सदोम शहराचा नाश होणार होता, तेव्हा अब्राहामाने देवाला विचारलं की तिथे 50 नीतिमान माणसं असली तर शहर वाचवशील का, आणि असं करत 10 पर्यंत आला, देव रागावला नाही.

ज्याला फोन लागत नाही किंवा बोलवत नाही, त्याचं नाव घेऊन गप्प बसा. आपल्याला कसं मागावं ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा मध्यस्थी करतो, रोमकरांच्या आठव्या अध्यायात आहे.

समोर तारीख घाला, आणि महिन्याभराने पुन्हा विचारा, कारण गरज बदलते आणि आपण जुनंच मागत राहतो. होळीनंतर मी झाबुआला फोन केला. बहुतेकांना मजुरी मिळाली होती, दोन घरांचे पैसे ठेकेदाराकडे अडकलेत. ती दोन घरं आता त्याच पानावर आहेत.